टेकूंचं देणं

मुंबईत घोडपदेवच्या उतारावर शेवंतीबाई राऊळ खानावळ चालवायच्या. नवरा वारल्यावर गिरणीतल्या आम्हा वीसेक जणांचं दोन वेळचं जेवण त्यांच्याच चुलीवर. सत्तावन्न साली त्यांनी शामराव धुरींचं पडकं घर विकत घेतलं. कौलं फुटलेली, मागची भिंत फुगलेली, तिला बाहेरून लाकडी टेकू. शामरावही आमच्याच पंगतीला जेवत. बाई त्यांना आधी वाढायच्या. म्हणायच्या, "त्यांच्यामुळे माका घर गावला."

दीडेक वर्षाने, एका दुपारी, पालिकेच्या माणसाने दाराला कागद चिकटवला. आम्हाला वाटलं, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं पत्रक असेल.

"घरपट्टी थकलीय," तो म्हणाला. "शिवाय पालिकेने टेकू लावले त्याचा खर्च. भरला नाही तर घराचा लिलाव."

"टेकू तर आधीच्या मालकाच्या वेळचे. मी कित्याक भरू?"

"बाई, देणं मालकाचं नाही, घरावरचं आहे. घर ज्याचं, त्याने भरायचं."

बाई उंबऱ्यावर बसल्या. त्याच टेकूंना दोरी बांधून त्या लुगडी वाळत घालायच्या. "घराचा देणा?" एवढंच पुटपुटत राहिल्या. चुलीवर भात करपला तरी कळलं नाही त्यांना.

संध्याकाळी शामराव नेहमीसारखे येऊन बसले. बाईंनी वाढलं, मग विचारलं, "शामराव, तुमका ठावक होता?"

"होय," शामराव खाली बघून म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्ही घर घेतलं नसतं."

बाई ओरडतील असं आम्हाला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "जेवा. अन्न टाकू नकात. उद्यापासून मात्र येव नकात."

दुसऱ्या दिवशी पंगतीतल्या गुणाजीला आणि मला घेऊन त्या पालिकेत गेल्या. साहेबाने हप्ते बांधून दिले, लिलाव थांबला. आम्ही खानावळीचे पैसे आगाऊ दिले, सुट्टीच्या दिवशी विटा वाहून भिंत नव्याने उभी केली. पालिकेची माणसं आली नि टेकू काढून घेऊन गेली.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्याच महिन्यात शेवटचा हप्ता फिटला. तो भरून पालिकेतून परतताना मी म्हटलं, "मावशी, आता सुटलात."

बाई रस्त्यातच थांबल्या. "दीड वरस माझ्या हातचा जेवलो रे तो शामराव," त्या म्हणाल्या. "सगळा ठावक असान घास कसो उतारलो त्येच्या घशाखाली?"