बेडकाच्या गोष्टीला हं

सहाव्या खेळाडूनेही राक्षसिणीला खरं नाव सांगितलं आणि गेममध्ये तोही मेला. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. हिला खरं नाव सांगायचं नाही हे कुठं लिहिलंय, असं त्याने विचारलं. ते लिहिलेलं होतं. दोन मिनिटांपूर्वी त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. लिहिणारा मी होतो आणि त्याच्या शेजारीच बसलो होतो.

आमचा स्टुडिओ बेळगावच्या वडगावात आहे, यंत्रमागाच्या शेडवरच्या एका खोलीत. आम्ही तिघे. शीतल मालक आणि प्रोग्रामर. खालचे माग तिच्या वडिलांचे. बसवराज चित्रं काढतो आणि मजकूर कन्नडमध्ये नेतो. मी वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतरांच्या बातम्या कापल्या आणि नंतर इथे मराठी मजकूर लिहायला आलो.

अशा गेमला इंडी म्हणतात. म्हणजे मागे मोठी कंपनी नाही, चार-दोन माणसांनी मिळून केलेला. आमचा रोल-प्लेइंग प्रकारचा आहे. खेळणारा गोष्टीतलं एक पात्र होतो आणि त्या पात्राने काय करायचं ते ठरवतो. आमचं पात्र गौरा. तिच्या थोरल्या बहिणीचा आवाज नदीतल्या राक्षसिणीने मडक्यात कोंडला आहे. तो सोडवून आणायचा. खेळ दोन तासांत संपतो. वाटेत विहिरीच्या काठावर एक म्हातारा बेडूक गौराला गोष्ट सांगतो. त्या गोष्टीतच राक्षसिणीपासून वाचण्याची युक्ती आहे: तिने नाव विचारलं तर खोटं सांगायचं.

त्या दिवशी प्लेटेस्ट होती. अर्धवट तयार गेम अनोळखी माणसांच्या हातात द्यायचा आणि तोंड बंद ठेवून बघायचं, एवढंच ते काम असतं. बेडकाचं एकेक वाक्य स्क्रीनवरच्या चौकटीत येत होतं, खाली 'पुढे' असं बटण होतं. सहाही जण ते बटण टकाटक दाबत गेले. बेडकाची अख्खी गोष्ट काही सेकंदांत संपत होती.

शीतल चिडली नाही. छोट्या गेमच्या एका ऑनलाइन जत्रेला डेमो, म्हणजे गेमचा सुरुवातीचा नमुना, दहा दिवसांत पाठवायचा होता.

"सर, कोण वाचत न्हाय," ती म्हणाली. "बेडकाला तीन वाक्यांत आवरा. बाकीच्या गोष्टी पण तशाच करा."

गेममध्ये अशा सात गोष्टी होत्या. माझं सहा महिन्यांचं काम. तीन वाक्यांत त्यांच्या सूचना झाल्या असत्या: डावीकडे जा, मडकं उचल, नाव सांगू नकोस. मी तसं म्हटलं. लोक शेवटपर्यंत पोचले नाहीत तर गोष्टी कुणासाठी, असं तिचं म्हणणं. दोघांचंही बरोबर होतं. मी मुदत मागितली. तिने गुरुवारपर्यंत दिली.

बुधवारी शीतलची मावशी डोळे तपासायला बोरगावहून आली. निपाणीकडच्या विडी कारखान्यांत तिची तीस वर्षं गेली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. नव्या चष्म्याने अक्षरं दिसतात का, एवढंच बघायला शीतलने तिच्या हातात गेम दिला. बेडकाला तात्पुरता माझा आवाज लावलेला होता.

बेडकाने पहिलं वाक्य सांगितलं आणि तो बटणाची वाट बघत थांबला.

"हं," आक्का म्हणाली.

बेडूक गप्प.

"हं," ती मोठ्याने म्हणाली. मग मोबाइल तोंडाजवळ नेला. "हं म्हटलं की रं. बहिरा हाय काय ह्यो?"

शीतलने तिला बटण दाखवलं. आक्काला ते पटलं नाही.

"गोष्ट ह्यानं सांगायची आन् बोट मी लावायचं? हं म्हटल्याबगार ह्याला कळायचं कसं गं, मी जागी हाय का झोपली?"

कारखान्यात काय चालायचं ते तिने मग सविस्तर सांगितलं. बायका ओळीने बसायच्या, मांडीवर तंबाखूचं सूप. एक जण गोष्ट सांगायची. तिची नजर हातातल्या पानावर, त्यामुळे कोण ऐकतंय ते तिला दिसायचं नाही. हं आला की ती पुढे सरकायची. नाही आला की थांबायची. आणि वाक्य अर्धं असतानाच कुणी हं म्हटलं, तर सगळ्यांना कळायचं की हिचं ध्यान दुसरीकडे आहे. मग तिची फिरकी घेतली जायची.

वाक्य अर्धं असताना. आमचे सहाही खेळाडू नेमकं तेच करत होते.

बसवराज म्हणाला, त्यांच्या घरीही हेच चालतं. कन्नडमध्ये त्याला हूंगुट्टू म्हणतात. मोबाइलच्या माइकने खरोखरचा हं ऐकावा, असं त्याने सुचवलं. शीतलने दुपारपर्यंत ते जमवलं आणि मोबाइल टेबलावर ठेवून आम्ही चहाला खाली गेलो. परत आलो तेव्हा गोष्ट संपली होती. खालच्या यंत्रमागाचा प्रत्येक ठोका गेमने हं म्हणून धरला होता.

"माग लई मन लावून ऐकतोय की," बसवराज म्हणाला. माइक रद्द झाला.

बटणच ठेवायचं ठरलं, फक्त त्यावर 'पुढे'च्या जागी 'हं' आलं. कन्नडमध्ये 'हूं'. भाषांतर कधी नव्हे ते एका मिनिटात झालं. नियम असा केला: वाक्य पुरं होण्याआधी बटण दाबलं तर बेडूक थांबतो, डोळे मिटतो आणि तेच वाक्य पुन्हा सुरू करतो. तीनदा असं झालं की विहिरीत उडी मारतो. मग खडा टाकून त्याला वर बोलवायचं. गोष्ट एकदा पुरी ऐकलेल्याला मात्र तो अडवत नाही. पुन्हा घाई केली तर बेडूक रागावतो; ती बोलणी आक्काने पुरवली. त्यातलं "मी काय भिताडासंगट बोलतोय व्हय?" हे आम्ही जसंच्या तसं घेतलं.

गुरुवारी शीतलने कापाकापी पुढे ढकलली. शनिवारी नवे सहा जण बोलावले. लोक वैतागून गेम बंद करतील अशी तिला धास्ती होती. पहिल्या मुलाने बटण टकाटक दाबलं. बेडूक थांबला. मुलाने पुन्हा दाबलं आणि बोलणी खाल्ली. तो हसला, बोट मागे घेतलं आणि वाक्य संपायची वाट बघू लागला. सहापैकी पाच जणांनी राक्षसिणीला खोटं नाव सांगितलं. सहाव्याने खरं सांगितलं, पण मुद्दाम. ती काय करते ते त्याला बघायचं होतं.

माझ्या सातही गोष्टी कापाकापीतून वाचल्या. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्याच टेस्टमध्ये कॉलेजची एक मुलगी एका वाक्याशी अडकली. वाक्य पुरं झालं होतं, 'हं' समोर होतं, ती दाबत नव्हती. तोंड बंद ठेवायचा नियम मोडून मी विचारलं, काय झालं.

"न्हाय, ह्याला हं कशाला म्हणायचं ते कळंना," ती म्हणाली.

वाक्य होतं: 'सांजेचा सोनेरी प्रकाश विहिरीच्या पाण्यावर अलगद पहुडला होता.' गेममध्ये ती विहीर, ते पाणी आणि तो प्रकाश बसवराजने काढलेलाच होता. मी वहीत फुली मारली. त्यानंतर कोणता खेळाडू कुठे रेंगाळतो ते बघत बसलो. टेस्ट संपेपर्यंत वहीची दोन पानं फुल्यांनी भरली.

रविवारी बसून मी एक तृतीयांश मजकूर काढला. शीतलने फाइल उघडली आणि बराच वेळ खाली-वर केली.

"मी म्हटलं तेव्हा न्हाय म्हणालात की सर."

"तेव्हा तू वाचक पळतात म्हणून कापायला सांगत होतीस," मी म्हटलं. "आता ते थांबलेत, म्हणून कुठं कापायचं ते दिसलं."

डेमो वेळेत गेला आणि जत्रेत घेतला गेला. खेळणाऱ्यांच्या शेऱ्यांत राक्षसिणीपेक्षा बेडकाचा उल्लेख जास्त आहे. काही जण नुसती बोलणी ऐकायला त्याला मुद्दाम छळतात, असं दिसतं. आम्ही त्याची बोलणी वाढवली आहेत.

डेस्कवर असताना मी ओळी मोजून बातम्या कापत असे. जागेत बसलं की काम झालं. आता मजकूर लिहिला की आधी बसवराजला समोर बसवून मोठ्याने वाचतो. ज्या वाक्यानंतर तो काहीच म्हणत नाही, ते वाक्य त्याच्या देखत खोडतो. त्याला याचा कंटाळा येतो, पण गेमची फाइल हलकी राहते.