घडी न मोडलेली निळी साडी

सिंधुच्या पत्र्याच्या पेटीत सव्वीस साड्या होत्या आणि त्यांतली एकही तिनं स्वतः निवडलेली नव्हती. लग्नातल्या, बारशातल्या, कुणाकुणाच्या आहेरातल्या. पोपटी, किरमिजी, जांभळ्या, अंगाला चिकटणाऱ्या नायलॉनच्या. साडी हाती घ्यावी तर तिच्यावर जाणारं पोलकं नाही, पोलकं सापडावं तर परकर भलत्याच रंगाचा. रोज सकाळी पेटीसमोर बसून ती चिडायची, पण तक्रार करायची सोय नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तिची आई सरजाबाई खडी फोडायच्या कामावर एकाच लुगड्यात जायची, अर्धं नेसून अर्धं वाळवायची. तिच्या लेकीनं सव्वीस साड्यांना नावं ठेवली, तर कोण ऐकून घेणार?

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा होणार असं ठरलं, कचेरीत भरती निघाली आणि सिंधु टायपिस्ट म्हणून लागली. तिथं टेबलाच्या खणात तिला एका जुन्या मासिकाचं पान सापडलं. फ्रान्सच्या बायका म्हणे कपडे थोडेच घेतात, पण पारखून घेतात. पांढरा, गडद निळा, मातकट असे शांत रंग, सगळं सगळ्यावर जाणारं, वीस वर्षांनीही जुनाट न दिसणारं. सिंधुनं ते पान इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. पाच साड्या आणि दोन पोलकी, बास, तिनं ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. पांढरी साडी घरात होतीच, बुद्धवंदनेला नेसायची. ती नेसून कचेरीत गेली तर शेजारच्या टेबलावरच्या पार्वतीबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं बाई, मालक बरे हायेत ना?" त्यांच्या घरी पांढरं विधवेचं, सिंधुच्या बौद्ध घरात नवरी पांढऱ्यातच उभी राहते. चार जणींना हे समजावता समजावता तिचं डोकं उठलं. बदामी पोलकं शिवून आणलं, तर सासूनं, गुणाबाईनं, पाणी वाचवायला म्हणून ते किरमिजी साडीबरोबर एकाच बादलीत बुडवलं. पार्वतीबाईंकरवी मागवलेली मातकट साडी नणंद पंचफुला लोह्याला सासरी जाताना "वहिनी, दोन दिस नेते" म्हणून घेऊन गेली, ती गेलीच. फ्रान्समध्ये नणंदा नसतात की काय, कोण जाणे. मासिकवाल्यांनी एवढं तरी छापायला हवं होतं.

मग मात्र ती हट्टाला पेटली. गंजगोलाईतली दुकानं पालथी घालून तिनं एक नारायणपेठी रेशमी साडी घेतली. गडद निळी, बारीक काठांची. दुकानदारानं विचारलं, "तुम्हाला कोणती आवडली?" हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. पंधरा ऑगस्टला जिल्हा होणार होता, कचेरीतल्या सगळ्यांचा फोटो निघणार होता. त्याच दिवशी घडी मोडायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं. तोवर दोन महिने होते. मासिकाचं पान तिनं साडीच्या आतल्या घडीत सरकवलं, साडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली.

इथंच चुकलं. आमच्याकडे कुठल्याही घरात विचारा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, घडी न मोडलेली साडी म्हणजे आहेराची साडी. ती नेसायची नसते, पुढं द्यायची असते.

पंधरा ऑगस्टला सकाळी सिंधुनं पेटी तीनदा उपसली.

"आत्या, माझी निळी साडी कुठंय?"

"कोन्ती निळी?" गुणाबाई म्हणाली.

"पेपरात होती ती."

"ती व्हय! ती दिली की पंचफुलाच्या सासूला. पहिल्यांदा आली व्हती व्याहीन आपल्या दारी, रिकाम्या हातानं कशी लावू? मला वाटलं देन्याची हाय. घडी तर मोडल्याली नव्हती."

"अवो, मी आजच्यासाठी ठेवली होती!"

"मंग आधीच नेसायची न्हाई का? आन आता रडून काह्यला राहिली? सव्वीस हायेत की पेटीत."

सिंधु पोपटी नायलॉन नेसून फोटोला उभी राहिली. फोटो आला तो काळा-पांढरा. हेडक्लार्क नागप्पा कौतुकानं म्हणाले, "बाई, लई साधी अन् झ्याक साडी नेसलाव बघा." तिला तो फोटो फाडावासा वाटला.

पाच वर्षांनी आभाळानं पुन्हा दगा दिला. नळ कोरडे पडले, गल्लीत टँकर येऊ लागला. त्यातच धाकट्या दिराचं लग्न निघालं आणि पंचफुलानं वहिनीला आहेर केला. वरचं वर्तमानपत्र नवं होतं. आत गडद निळं रेशीम, बारीक काठ.

"ही कुठून आली?" सिंधुनं विचारलं.

"लई फिरली बघा, वहिनी. माझ्या सासूनं भोकरला दिली, तिथून नांदेडला गेली, अन् आता माझ्याच जावंच्या आहेरात परत आली. भारी हाय म्हनून कुनाला नेसूच वाटंना. ज्यानं त्यानं ठिवून दिली."

सिंधुनं साडी उलगडली. आतून मासिकाचं पिवळं पडलेलं पान खाली पडलं. पाच वर्षांत कुणी ती पूर्ण उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. पत्र्याच्या पेट्यांमधले पाच उन्हाळे सोसून रेशीम जिथं जिथं दुमडलं होतं तिथं तिथं विरलं होतं. तिला संताप आला. सासूचा आला, नणंदेचा आला, भोकरच्या कुठल्यातरी न पाहिलेल्या बाईचा आला. मग आठवलं, ती साडी पहिल्यांदा पेटीत घातली होती ती तिनंच. दोन महिने होती जवळ, आणि तिनंही ती नेसली नव्हती. हा राग कुणावर काढता येईना, म्हणून तो सगळ्यात जास्त झोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा सिंधु निळी साडी नेसून, घागर घेऊन बाहेर निघाली.

"अगं, एवढी भारी साडी नेसून पान्याला चाललीस व्हय?" गुणाबाई ओरडली.

"हाव," सिंधु म्हणाली.

घागर कमरेवर घेतली तशी डाव्या कुशीवरची घडी टर्रकन फाटली. ती थांबली नाही. टँकरपाशी पोचेपर्यंत आणखी दोन गेल्या.