लाल टिपक्याचा गिलास

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या रक्तदान शिबिरात दरवर्षी दुसऱ्यांना पुढे ढकलणारे आणि स्वतः सुईला भिणारे आमचे बाबा यंदा एकदाचे खाटेवर झोपले. आठवड्यानं रक्तपेढीनं त्यांना बोलावून सांगितलं, रक्तात हिपॅटायटिस बी आहे. घरी येताच त्यांनी माझ्या लाल नेलपॉलिशचा टिपका एका स्टीलच्या गिलासावर लावला आणि तो मांडणीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला.

माझं टाळकंच सरकलं. आजोबांच्या ओंजळीत लोक विटाळाच्या भीतीनं वरून पाणी ओतायचे, हे आम्हाला याच माणसानं सांगितलं होतं!

"बाबा, मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. हा रोग रक्तातून जातो, गिलासातून नाही."

"मालूम हाये. पण उगाच जोखीम काऊन घ्यायची?"

आईची आणि माझी तपासणी झाली, लसही सुरू झाली, तरी गिलास कोपऱ्यातच.

मग बाबांच्या रक्तात विषाणू किती आहे, याची तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत मी शाळेला जाताना तामसीच्या बसमध्ये वाचतच सुटले. आणि काय सांगू! हा विषाणू भलता बेरकी, यकृताच्या पेशीत आपला मूळ साचा लपवून बसतो. पण एखाद्या पेशीला चाहूल लागलीच, तर ती शेजारणींना निरोप धाडते. त्या निरोपाचं नाव इंटरफेरॉन. मग विषाणूच्या नव्या प्रतींची छपाईच बंद पाडली जाते, तीही पेशी न मारता! विषाणू ओळखायला शिकलेली फौज मागून येते. ही पहिली फळी जन्मापासूनची. दहावीच्या वर्गात मी हे इतक्या जोरात सांगितलं, की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

रिपोर्ट आणायला आदिलाबादला मी एकटीच गेले. डॉक्टर म्हणाले, विषाणू अगदी थोडा आहे, शरीरानंच दाबून ठेवलाय. यकृत चांगलं आहे. सध्या औषध नको, पण सहा महिन्यांनी तपासायचं. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

"बाबा, तुमच्या पेशींनी धरून ठेवलंय त्याला!" मी दारातूनच ओरडले. तेही नुकतेच बाहेरून आले होते.

बाबा हसले, डोळे पुसले आणि पाणी प्यायला सवयीनं कोपऱ्याकडे गेले. कोपरा रिकामा होता. मांडणीवर घरातले सगळे गिलास ओळीनं उभे, आणि प्रत्येकावर लाल टिपका.

"माहा कोणता?" बाबांनी विचारलं.

"पाहा शोधून," आई भाकर थापत म्हणाली. "मले तं काई समजून नाई राह्यलं."

माझी नेलपॉलिशची बाटली ओट्यावर रिकामी पडली होती.

"आई, कधी केलंस हे?"

"सकाळीच. तू रिपोर्ट आणाले गेली तवा."

बाबांनी एकेका टिपक्यावरून बोट फिरवलं. मग हाताला आला तो गिलास त्यांनी उचलला.