जाळीबाहेर आलेली ज्योत

देवावर माझा विश्वास होता की नाही, हे मला स्वतःलाच धड सांगता आलं नसतं. घरात नवरात्र बसायचं, घटाजवळचा दिवा अखंड तेवत ठेवायचो, आणि आरतीला सगळ्यांत चढा आवाज माझाच. पण मनात एक अढी होती. आम्ही तंजावरकडचे मराठी. माझे वडील नोकरीसाठी दूर उत्तरेला, तेलुगू मुलखातल्या एका कोळशाच्या खाणीवर गेले होते. त्या काळी माणसं उघड्या ज्योतीचे दिवे हातात घेऊन खाली उतरत. कोळशातून सुटणारा वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. एखाद्या कोपऱ्यात तो साचून राहायचा आणि दिवा तिथवर पोचला की भडका उडायचा. तसाच भडका उडाला आणि वडील काही वर आले नाहीत. मी तेव्हा फार लहान होतो. आई रोज देवाला फुलं वाहायची. त्या फुलांचा काय उपयोग झाला, असं मी तिला कधी विचारलं नाही, पण तो विचार मनातून गेलाही नाही.

पुढे पोटापाण्यासाठी मद्रासला आलो आणि नशिबाची थट्टा अशी, की काम मिळालं ते खाणीतले दिवे दुरुस्त करण्याच्या एका कारखान्यात. तोवर उघडे दिवे जाऊन जाळीचे दिवे आले होते. काचेच्या वर लोखंडी तारेची बारीक जाळी बसवलेली असते. आतली ज्योत त्या जाळीतून बाहेर पडू शकत नाही, कारण तार तिची धग ओढून घेते. वायू दिव्यात शिरून पेटला तरी आग आतल्या आत राहते. मात्र जाळीची एखादी तार तुटली, की त्या दिव्यात आणि माझ्या वडिलांच्या दिव्यात काही फरक उरत नाही. जॉर्ज टाउनमधल्या त्या कारखान्यात प्रत्येक जाळी उजेडासमोर धरून पास करणं हे माझं काम. त्यात मी कुणाचं ऐकत नसे. मागे मला ‘जाळीमामा’ म्हणतात, हेही मला ठाऊक होतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माझी लेक कमळा पहिल्या बाळंतपणासाठी मद्रासेतच नुंगंबाक्कमला आमच्या घरी आली होती. कोळशापासून लांब राहायचं असं आईने बजावून ठेवलेलं, पण स्थळ चांगलं आलं आणि जावई निघाला नेमका खाणीतला. कामाची पाळी सुरू होण्याआधी दिवा घेऊन एकट्याने पुढे जायचं, कुठे वायू साचला आहे का ते बघायचं आणि मग माणसांना आत सोडायचं, ही त्याची नोकरी. त्याच्या खाणीत नवा भाग उघडला होता आणि तिथले दिवे आमच्याकडेच दुरुस्तीला आले होते. मी एकेक जाळी तपासून पास केली होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर पेट्या भरून आगगाडीने पाठवायच्या, असं ठरलं होतं.

“अप्पा, ते दिवे तुम्ही स्वतां पाहिलांत कीं?” कमळा रोज विचारायची.

“अस्के, एकूण एक पाहिलों गे. तूं नीज स्वस्थ,” मी सांगायचो.

नवमीला मद्रासेत आयुधपूजा असते. हातोडी, कानस, लेथ, सगळं धुऊनपुसून त्याला गंध-कुंकू लावतात, आणि दशमीला पुन्हा पूजा होईपर्यंत त्या हत्याराला कुणी हात लावत नाही. आमचा म्हातारा मेस्त्री पोन्नुसामी या बाबतीत फार कडक. मी संध्याकाळी पूजेला गेलो तेव्हा घटाच्या दिव्यापायी कित्येक रात्री धड झोप नव्हती. डोळे जड, पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नव्हते. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, हा आपला कळकट कारखाना नव्हेच. उदबत्तीच्या धुरात पितळेचे दिवे ओळीने झळकत होते, प्रत्येकावर चंदनाचा टिळा, आणि पुढे काढून ठेवलेल्या जाळ्या चांदीच्या टोप्यांसारख्या लखलखत होत्या. दारातून समुद्राचा वारा येत होता आणि धूर हळूहळू त्या दिव्यांभोवती फिरत होता. मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो.

“सार, दिवे म्हणजे देवच की,” पोन्नुसामी हात जोडून म्हणाला. “हत्यारं उजळायची आणि त्यांना काळं ठेवायचं, हे मनाला पटलं नाही. घरची समई घासतो तसं सगळं चिंचेने घासलं. जाळ्या तर रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवल्या होत्या.”

मला फार बरं वाटलं. खरं तर त्याच क्षणी मी सावध व्हायला हवं होतं. पण त्या गुंगीत मला ते सगळं इतकं सुंदर दिसत होतं, की मान डोलावण्यापलीकडे मी काही केलं नाही.

मग कापूर पेटवला. वाऱ्याने ज्योत आडवी होऊ लागली. कुणी हात आडवा धरला, कुणी दार लोटलं, तरी ती विझू विझू करत होती. प्रसादाचे चुरमुरे घ्यायला रस्त्यावरची चार माणसं आत आलेली असतात, तशी एक म्हातारी पुढेच उभी होती. विटकं लुगडं, कपाळभर भस्म. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. “दीपम अणैयक्कूडादु,” ती पुटपुटली, म्हणजे दिवा विझता कामा नये. आणि काही कळायच्या आत तिने ओळीतली एक जाळी उचलली आणि सरळ त्या कापरावर पालथी घातली.

“पाट्टी, अगं आजी! पूजेतलं आहे ते!” पोन्नुसामी ओरडला. एकच गिल्ला झाला. म्हातारी मात्र शांतपणे ज्योतीकडे बघत होती, आणि तिच्या नजरेमागून माझी नजर गेली. जाळीच्या आत ज्योत सरळ झाली होती. आणि जाळीच्या कुशीतून, बाहेर, नखाएवढी एक पिवळी जीभ हलत होती.

आधी वाटलं, झोपेने डोळे फसवताहेत. मग सगळी झोप उडाली. चांगल्या जाळीतून ज्योत बाहेर येत नाही. मी गुडघ्यावर बसलो, जाळी उचलली, दिव्यासमोर धरली. चिंचेने पितळ उजळतं, पण लोखंडाची ती केसासारखी तार रात्रभर आंबट पाण्यात खंगली होती. घासताना ती तुटली होती. मी दुसरी जाळी उचलायला हात पुढे केला, तसा पोन्नुसामीने माझं मनगट धरलं.

“उद्यापर्यंत नको, सार. आज हत्यार उचललं तर अरिष्ट येतं.”

“येऊ दे. माझ्या माथी येऊ दे,” मी म्हणालो. “हे दिवे माझ्या जावयाच्या हातात जायचे आहेत. आत पहिला तोच जातो.”

पोन्नुसामीने माझं मनगट सोडलं. माझ्यासमोर बसून तोही एकेक जाळी उचलू लागला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बऱ्याच जाळ्या गेलेल्या निघाल्या. मी एकदा पास केलेला माल पुन्हा तपासत नसे, सकाळी सगळ्या तशाच बसवून पेट्या निघाल्या असत्या. आम्ही सगळ्याच जाळ्या बाद केल्या. पाठवणी लांबली, मालकांची बोलणी खाल्ली, आणि नव्या जाळ्या बसवून मगच दिवे गेले. त्या गडबडीत म्हातारी केव्हा निघून गेली, कुणीच पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बंदरापर्यंत विचारत फिरलो. प्रसादाला येणाऱ्या म्हाताऱ्या तिथे पुष्कळ, कुणाकुणाला ओळखणार? ती कुणी गरीब बाई असेल. त्याहून जास्त माझं काही म्हणणं नाही.

कमळाला मुलगा झाला. बारशाला जावई आला. दुपारी सगळे निजले असताना तो ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसला आणि हवापाण्याच्या गोष्टी कराव्या तशा सुरात म्हणाला, “मामा, मागच्या महिन्यांत नव्या भागांत गेलों होतों. दिवा वर धरला, तों ज्योत लांब झाली, निळी झाली, आणि अस्की जाळी आगीनें भरून गेली.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? हळू खालीं आणला आणि मागें फिरलों. मागें अस्की टोळी उभी होती. आग आंतच राहिली, मामा.” आणि तो हसला. “हिला सांगूं नका.”

मी नाही सांगितलं. आत कमळा बाळाला थोपटत अंगाई गुणगुणत होती आणि जावई बोलता बोलता तिथेच ओसरीवर आडवा होऊन झोपी गेला. त्याचा श्वास संथ चालला होता. माझ्या वडिलांना का नाही वाचवलंस, हे मी देवाला विचारणार होतो, आणि त्याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. जाळ्या मी अजून तपासतो, आता दोन-दोनदा तपासतो, ते माझं काम आहे. पण माझी नजर जिथे झोपी जाते तिथे दुसरं कुणी जागं असतं, एवढं मला कळलं आणि तेवढ्या भरवशावर मी स्वतःला त्याच्या हाती सोडून दिलं. त्या दुपारी मी देवाकडे काही मागितलं नाही, काही विचारलंही नाही. झोपलेल्या त्या पोराच्या अंगावर ऊन येत होतं, म्हणून उठून पडदा ओढला आणि त्याच्या उशाशी बसून राहिलो.