तालमीच्या पायरीवरची थंडाई

लग्न होऊन निंबर्ग्याला आले तेव्हा पोरीनं नशीब काढलं, पैलवान नवरा मिळाला, असं सगळे म्हणाले. मला मिळाली ती एक पितळी चरवी. नवरा तालमीत राहायचा. जत्रेतली कुस्ती होईपर्यंत लंगोट सोडायचा नाही, घरी झोपायचं नाही, अशी वस्तादानं त्यांना शपथ घातली होती. लग्न त्याआधीच ठरलेलं, मोडता येईना म्हणून उरकलं एवढंच. अंगाची हळद उतरायच्या आत हे तालमीत परत गेले आणि मी चुलीपुढं बसले.

सासूबाई फक्त लेकाच्या पोटाबद्दल बोलायच्या. जोर काढायच्या आधी पोटात अन्न नको, कळ येते. फार तर भिजवलेल्या हरभऱ्याचं पाणी. मेहनत झाल्यावरही लगेच काही द्यायचं नाही. अंगावर माती चोळून घाम जिरला पाहिजे, दम खाली बसला पाहिजे, मग थंडाई. दुपारी तुपात बुडवलेली ज्वारीची भाकरी. आमच्या लिंगायतांच्या घरात अंडं-मटण नाही, त्यामुळं सगळी भिस्त दूध-बदामावर. म्हैस जणू त्यांच्यासाठीच व्यायली होती. माझ्या वाट्याला ताक यायचं, तेही पाणी वाढवलेलं.

थंडाई करायचं काम माझं. बदाम, खसखस, बडीशेप, दोन-चार मिरे रात्री चरवीत भिजत घालायचे, पहाटे पाट्यावर वाटायचे आणि दूध-गुळात कालवून पुन्हा त्याच चरवीत भरायचे. चाखायचं नाही, उष्टं होतं. वाटेत कुणाची नजर पडू नये म्हणून चरवी पदराखाली झाकून न्यायची. तालमीत बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, तेव्हा पायरीवर ठेवायची, कडी वाजवायची आणि लगेच पाठ फिरवून चालू लागायचं. पैलवानाच्या खुराकाला बायकोचीसुद्धा दृष्ट लागते म्हणे! संध्याकाळी सासरे रिकामी चरवी घरी आणायचे.

चरवीची कल्हई उडाली होती, आतून पितळ पिवळं दिसायचं. मी एकदा तसं म्हणाले. पण निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गावातला कल्हईवाला जो गेला तो परतला नव्हता. "आता ह्याच्यासाठी आळंदला कोण जायलंय? चालव तसंच," सासूबाई म्हणाल्या. चालवलं.

खरं सांगते, फार एकटं वाटायचं. माहेरी खजुरीला आम्ही बहिणी मराठीत खेळायचो आणि कन्नडमधून भांडायचो. इथं भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. सासू-सासरे उजाडल्यावर शेतात जायचे आणि मी भिंतीकडं बघत भाकरी खायचे. संध्याकाळी चरवी आली की तिच्यात डोकावायचे. ती नेहमी चाटूनपुसून रिकामी. आवडलं असेल? की भूकच तेवढी? की ही थंडाई कोण करतं हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही? आपण त्या माणसाच्या खिजगणतीत आहोत की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

जत्रा तोंडावर आली तशी मी ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं, दाराला नवं तोरण केलं. आणि एका सकाळी दूध ओतता ओतता सासूबाई म्हणाल्या, "जत्रंची झाली की आळंदची कुस्ती हाय. वस्ताद म्हणायलेत, तवर राहू दे तिकडंच." डब्यातलं मीठ संपलंय, असं सांगावं तशा सुरात.

माझं टाळकं सरकलं. तालमीपाशी गेले, कडी वाजवली, आणि पाठ फिरवायच्या ऐवजी पायरीवर बैठक मारली. झाकण काढलं आणि चरवी तोंडाला लावली. ज्याच्यासाठी हाताची सालं निघाली, ते आहे तरी कसं, बघू दे!

पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. थंडाई कळकली होती. उघड्या पितळेची कडू चव घशापर्यंत उतरली. थुंकावंसं वाटलं, पण हट्टानं गिळलं.

मान वर केली तर दारात हे उभे. अंगभर तांबडी माती. अंतरपाट दूर झाला तेव्हा पाहिलेलं तोंड थेट आज दिसत होतं. आता थोबाडीत बसणार म्हणून मी अंग चोरलं.

"भूक लागली व्हय?" त्यांनी विचारलं.

त्या गावात आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, पण जीभ कुठली गप्प बसते.

"कळकलंय हे," मी म्हणाले.

"व्हय."

"आजच?"

"न्हाई. रोजच असतंय. तू आलीस तवापासून."

"मग कामून बोलला न्हाईत? मामंजींजवळ निरोप तरी द्यायचा."

आतून वस्तादाची हाक आली. यांनी वळून पाहिलं, हातावरची माती झटकली, आणि हळूच म्हणाले, "सांगितलो असतो तर आईनं तुझ्याकडनं हे काम काढून घेतलं असतं. मग रोज चरवी घेऊन शेतावरचा गडी आला असता."

एवढं बोलून ते आत गेले, दार लोटलं. मी पायरीवर बसून पोटभर रडले. इतके महिने कुणीतरी रोज माझी वाट बघत होतं आणि मला ते आज कळलं होतं. आणि आळंदची कुस्ती अजून व्हायचीच होती.