खोक्याखालचा कौल

आईच्या गळ्यातली गाठ चहा पिताना वर सरकते आणि घोट उतरला की खाली येते. हे एकदा दिसलं की पुन्हा न बघणं जमत नाही. गणपतीच्या सुमारास मी रोज सकाळी तिच्यासमोर पेपर उघडून बसायचे आणि पेपरावरून तिचा गळा बघायचे. तिला ते कळत होतं. ती पदर मानेभोवती ओढून घ्यायची आणि म्हणायची, चहा निवतोय तुझा.

गाठ काढून तपासायला हवी, त्यासाठी पनवेलला जावं लागेल, दिवाळीपलीकडे ढकलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईनं तिथे मान डोलावली आणि पेणला घरी आल्यावर म्हणाली, नाय जायचं मला. तिच्या माहेरी, रोह्याच्या बाजूला, एक समज फार घट्ट आहे. गाठीला लोखंड लागलं की ती पसरते. तिच्या चुलतीचं तसंच झालं म्हणे. चुलती लोखंडानं नाही, उशिरानं गेली, हे मी आईला हर तऱ्हेनं सांगून पाहिलं.

सांगत सुटायची मला सवयच आहे. मी पत्रकांवर वाढले. बाबा गेले त्याला वर्षं झाली, पण एसटी स्टँडवर पिशवी काखेत मारून अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटणारा माणूस पेणमध्ये अजून लोकांना आठवतो. गंडेदोऱ्यांवर, अंगात येण्यावर, कौल लावण्यावर. कौलाचं पत्रक मला तोंडपाठ होतं. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. खाली बाबांचं वाक्य होतं: पाणी वाळलं की पाकळी पडणारच, तिला तुमचा प्रश्न ठाऊक नसतो. आता मी लिहिते, आणि माझी भाषा बाबांपेक्षा कडक आहे. आईसाठीही मी एक पत्रक लिहिलं, शस्त्रक्रियेबद्दलच्या गैरसमजांवर, आणि तिच्या उशाशी ठेवलं. तिनं त्याची घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"तुझ्या बाबांनी पत्रकं वाटली, पण घड्या मी घातल्या," ती म्हणाली. "घालताना वाचलंय सगळं. भीती काय वाचून जात नाय."

त्याच आठवड्यात तिनं ती अट घातली. आमच्या खिडकीत एक ख्रिसमस कॅक्टस होता. त्याला काटे नाहीत, खेकड्याच्या पायांसारखी सांध्यासांध्यांची चपटी पानं लोंबत असतात. रोह्याच्या मावशीनं तिच्या झाडाचा तुकडा दिला होता, त्याचं हे एवढं झालेलं. मावशीकडचं झाड दर नाताळाच्या आसपास गुलाबी फुलांनी भरून जायचं. आमच्याकडे त्यानं कधी एक कळी धरली नव्हती. आई त्याच्याकडे बोट करून म्हणाली, हे फुललं तर जाईन.

मी चिडले. देवाला विचारायचं तर सरळ देवळात जा, हे कुंडीतलं काय, असं काहीतरी बोलले. ती हसली.

"देवळात कशी जाऊ गो? लोक म्हणतील, बघा, पत्रकवाल्याची बायको कौल लावायला आली."

म्हणजे माझ्या आईला देवाला विचारायचीही सोय आम्ही ठेवली नव्हती. त्या दिवसापासून मला दोन भीती झाल्या. एक गाठीची, दुसरी झाडाची.

मी रोह्याला गेले. गाडी कासू स्टेशनात बराच वेळ उभी राहिली आणि मला उगाचच वाटलं की तेवढ्यात गाठ वाढते आहे. मावशीला विचारलं, तू याला काय घालतेस. ती म्हणाली, काय नाय, शिव्या घालते, मग फुलतं. झाड तिच्या मागच्या खोलीत होतं. खोलीत दिवा नाही, कारण वायरिंग तिथवर पोचलेलंच नाही. डास येतात म्हणून मावशी दिवेलागणीला दार लावते ते सकाळी उघडते. परतताना गाडीत मी मोबाइलवर शोधलं आणि उत्तर मिळालं. या झाडाला कळ्या धरायला थंडीच्या आधी कितीतरी आठवडे लांबलचक, अखंड काळोख लागतो. आमच्या खिडकीसमोर मूर्तींचा कारखाना आहे. गणपती गेले की तिथे देवीच्या मूर्तींचं रंगकाम सुरू होतं, आणि तिथल्या ट्यूबलाइटांचा उजेड रात्रभर आमच्या भिंतीवर पडलेला असतो. आमच्या झाडानं पेणमध्ये धड रात्र पाहिलीच नव्हती.

कारखान्यातून मी परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं एक मोठं खोकं मागून आणलं. तिथल्या कारागिरांनी विचारलं, कुठला देव पॅक करताय. मी झाड मागच्या खोलीत नेलं आणि रोज ऊन उतरलं की त्यावर खोकं उपडं घालू लागले. आई दारात उभी राहून बघायची.

"कोंडतेस काय त्याला?"

मी काळोखाचं सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तू कौल पढवतेस. मी म्हटलं, झाडाला हवं ते देतेय. पण खोकं काढ असं ती म्हणाली नाही.

खोकं घातलं की कुठे उजेडाची फट राहिली नाही ना, हे मी दोनदा वाकून बघायचे. नाही फुललं तर काय, हा प्रश्न मी माझ्या कुठल्याही पत्रकात कोणाला विचारू दिला नसता. संध्याकाळी कुठे अडकले आणि खोकं घालायला उशीर झाला तर सबंध रस्ता मी धावत यायचे. एकदा अशीच धापा टाकत आले तर खोकं घातलेलं होतं. आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

दिवाळीत तिनं आकाशकंदील मागच्या दारी लावला नाही. दरवर्षी तो तिथेच असतो. त्या वर्षी पुढे लावला, रस्त्याच्या बाजूला. मी कारण विचारलं नाही.

दिवाळी सरली. डॉक्टरांकडून फोन आला, मी उद्या कळवते म्हणाले. आणि एका सकाळी खोकं उचललं तर पानांच्या टोकांना मसुराच्या डाळीएवढे लाल ठिपके होते. मी आईला हाक मारली. ती आली, वाकली, बोटानं शिवणार होती, पण शिवली नाही. कळ्या फुगत गेल्या तशी मी अधीर झाले. फूल उमलताना तिला समोर दिसावं म्हणून कुंडी पुढच्या खोलीत, तिच्या खुर्चीजवळच्या खिडकीत आणून ठेवली. कळ्या आलेलं झाड जागेवरून हलवायचं नसतं, एवढं मी वाचलं नव्हतं.

कळ्या मलूल झाल्या. एका सकाळी सगळ्यात मोठी कळी खिडकीच्या कट्ट्यावर पडलेली होती. मी तिथेच उभी राहिले. ती उचलून लपवावी असं मनात आलं, पण आई मागे येऊन बसली होती.

"पडली काय?"

"हो."

"कुठल्या अंगाला?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी फुलाची वाट बघत होते. ती कशाची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं. कौल उमलून मिळत नाही, पडून मिळतो. हे लिहिलेलं पत्रक मला तोंडपाठ होतं आणि तरी सुचलं नव्हतं. कळी डावीकडे होती. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ते मला आलं नाही.

"डावीकडे," मी म्हटलं.

ती उठली. एक हात गळ्यावर ठेवून तिनं कळी पाहिली, कुंडी पाहिली.

"आपली डावी," ती म्हणाली. "समोर उभं राहून देवाची डावी-उजवी आपल्यावरनं नाय मोजत. त्याची उजवी झाली."

झाडाला तोंड नसतं. कुंडी मीच कितीदा फिरवून ठेवली होती. हे दोन्ही मुद्दे माझ्या जिभेवर तयार होते, आणि फुललं तर जाईन म्हणाली होतीस, हा तिसराही. मी एकही बोलले नाही. तिचा आवाज कापत होता.

"बॅग काढ," ती म्हणाली. "मोठी नको, ती उचलत नाय मला."

पनवेलला गाठ काढली. आई घरी आली आहे. गळ्याला पट्टी आहे, आणि चहाचा प्रत्येक घोट ती डोळे मिटून गिळते. तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे.

झाडावर एक कळी अजून टिकून आहे. मी कुंडीला हात लावत नाही. मदतीला आलेली शेजारीण काच पुसायला म्हणून ती सरकवू लागली तर मी तिच्या अंगावर ओरडले. झाड हलवलं की कळ्या गळतात, असं तिला सांगितलं. ते खरंच आहे. पत्रकात मी तेवढंच लिहिलं असतं.