पेत्राच्या बाजूने

ख्रिस्ती धर्माची सुरुवात नेमकी कशी झाली, हे आजमितीला दोघांनाच खात्रीने ठाऊक आहे. त्यातला एक वर आभाळात असल्यामुळे खुलासे करण्याची सगळी जबाबदारी नेरूळला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अंकलवर येऊन पडली आहे. अंकल मूळचे वसईचे कॅथलिक, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्यापेक्षा चांगलं. मी साताऱ्याचा असल्याने हे कबूल करताना जरा जड जातं. तीस वर्षं कारखान्यात फोरमनकी केली, तेव्हा कुठलीही गोष्ट पहिल्या नटबोल्टपासून समजावून सांगायची सवय. लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत सापडलात की पहिल्या मजल्यावर येशूचे बारा शिष्य जमतात, तिसऱ्यावर रोममध्ये छळ सुरू होतो, आणि आमचा पाचवा मजला आला तरी पोप काही येत नाहीत. मग अंकल दार पायाने अडवून धरतात. खाली लोक शंख करत असतात, पण येशूचा पट्टशिष्य पेत्र याच्यापासून आजच्या पोपपर्यंतची साखळी मध्येच तोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

या सगळ्याला खतपाणी घातलं ते आमच्या सेक्रेटरीने. नाताळला कुणाकुणाच्या दारावर चांदणी लावायची याची यादी करत तो आला आणि अगदी भाबडेपणाने म्हणाला, "अंकल, तुम्हाला कॅथलिकमध्ये टाकू की ख्रिश्चनमध्ये? बी विंगवाले बोलले, ते ख्रिश्चन आहेत, तुम्ही कॅथलिक." अंकलचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "तुम्ही महाराष्ट्रीय की सातारकर?" त्यांनी दरडावून विचारलं. सेक्रेटरी घाबरून म्हणाला, "मी सांगलीचा." अंकलनी कपाळाला हात लावला आणि त्याला आत बसवून दोन तास पहिल्या ख्रिस्तसभेचा, म्हणजे सुरुवातीच्या चर्चचा, इतिहास ऐकवला. चांदणी त्या वर्षी कुणाच्याच दारावर लागली नाही.

सारसोळ्याची मासेवाली मावशी मात्र त्यांना पुरून उरली. चर्च उभं राहिलं ते पेत्र नावाच्या एका कोळ्याच्या भरवशावर, हे ऐकून ती खूश होईल अशी त्यांची समजूत होती. तिने सुरमई कापता कापता विचारलं, "तुमचा पेत्र कुठं जालं टाकायचा?" गालीलच्या समुद्रात, पण ते खरं म्हणजे गोड्या पाण्याचं मोठं तळं, असं अंकलनी प्रामाणिकपणे सांगितलं. झालं! मावशीने कोयता खाली ठेवला. "भरती नाय, ओहोटी नाय, आनि त्याला कोली म्हन्तान? तलावात तं कोनपन मासं धरल!" पेत्राचा एवढा अपमान रोमच्या बादशहांनीही केला नसेल. अंकल तीन दिवस सुरमईवर बहिष्कार टाकून होते.

हसू येतं खरं, पण हा माणूस सगळ्या नवी मुंबईशी का भांडतो हे आम्हाला माहीत होतं. भांडण एकीशीच होतं, आणि ती ऐकायला इथे नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी खारघरला असते. तिची आई, आमच्या आंटी, वारल्या त्या वर्षी ती फार एकटी पडली. मैत्रिणीबरोबर शिरवण्याला एका हॉलमध्ये प्रार्थनेला जाऊ लागली, तिथे तिचं मन रमलं. तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा ते लोक धरत नाहीत, म्हणून त्यांनी तिला पुन्हा, नव्याने, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. घरी येऊन ती अंकलना म्हणाली, "पप्पा, तुम्ही कॅथलिक आहात, पण अजून ख्रिस्ती झाला नाहीत." हे मला सांगताना अंकलचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "भाऊ, पंधरा दिवसांची होती. मी आणि तिच्या आईने भर पावसात छत्री धरून चर्चमध्ये नेली. फादरनी पाणी घातलं तर केवढी रडली! ते काय धरायचंच नाही?" मला यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्याकडे खंडोबाची तळी उचलतात, एवढंच माझं धर्मशास्त्र. मी आपला चहा पुढे केला.

त्यानंतर अंकलनी दोनशे पानी वही लिहायला घेतली. तिच्यात पेत्रापासूनचे पुरावे होते, लाल पेनाने अधोरेखित केलेले. दर रविवारी फोनवर मुलीला त्यातलं एक पान ऐकवायचं, तिने तिकडून दुसरं काही ऐकवायचं, आणि दोघांनी रागाने फोन ठेवायचा, असं वर्षभर चाललं. मग गेल्या नाताळला ती जेवायला येते म्हणाली. माझ्या बायकोने अंकलना आमच्या देवासमोर उभं करून शपथ घातली, "वही काढायची नाही." आमच्या देवासमोरची शपथ त्यांना लागू होते की नाही, हा विचार आम्हाला तेव्हा सुचला नाही.

सकाळपासून अंकल फुगे तळत होते. फुगे म्हणजे ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे गोल, फुगलेले गोळे. मुलीच्या फार आवडीचे. आम्हालाही बोलावलं होतं. ती आली, घरभर फिरली, आईच्या फोटोवरची धूळ ओढणीने पुसली. सगळं साखरेसारखं गोड चाललं होतं. जेवणाआधी प्रार्थना झाली, अंकलनी क्रूसाची खूण केली, तिने केली नाही. मी ते पाहिलं, आणि अंकलनीही पाहिलं. माझ्या बायकोने टेबलाखालून मला लाथ मारली, पण मी काय करणार? वही बाहेर आली होती.

अंकल त्या दिवशी काय बोलले म्हणता! एकेक मुद्दा बिनतोड. चाळिसाव्या पानाला मुलगी उठली. "तुमचं बरोबर असेल पप्पा," म्हणाली, पर्स घेतली आणि निघाली. अंकल विजयी मुद्रेने आमच्याकडे वळले. "बघितलंत? उत्तर नव्हतं तिच्याकडे." मग त्यांचं लक्ष तिच्या ताटाकडे गेलं. फुगे तसेच होते. त्यानंतर तिचा फोन येतो, नाही असं नाही. पण बीपीची गोळी घेतलीत का, एवढंच विचारते आणि ठेवते. अंकलही गोळीबद्दलच बोलतात. वही त्यांनी रद्दीत घातली.

परवा दोन नोव्हेंबरला ते माझ्याकडे आले. त्या दिवशी कॅथलिक लोक आपल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. अंकलचे गुडघे धरले होते, म्हणून सोबत हवी होती. दफनभूमीत संध्याकाळी जत्रेइतकी गर्दी. आम्ही आंटींची कबर धुतली, झेंडूची माळ घातली. अंकलनी आंटींसाठी एक मेणबत्ती स्वतःतर्फे लावली, दोन वसईच्या आईवडिलांच्या नावाने, एक शेजारच्या कबरीवर, तिथे कुणी आलं नव्हतं म्हणून. एक हातात उरली.

"ही मुलीच्या वतीने लावा ना," मी म्हणालो.

"तिच्यात चालत नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत ते."

"तुमच्यात तर चालतं ना?"

"माझी मी लावली, भाऊ. ही तिची आहे. तिला पटत नाही ते तिच्या नावावर कशाला करू?"

 दोन हजार वर्षांचा इतिहास पाठ असलेला हा माणूस मुलीच्या बाजूने बोलत होता आणि ती ऐकायला आजही इथे नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. अंकल फाटकाकडे बघत होते. आत येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होते.

"ख्रिस्ती नाही धरत मला, न धरू दे," ते म्हणाले. "पण बाप धरते ना? तुम्हाला काय वाटतं?"

"धरते की," मी म्हणालो.

त्यांनी ती मेणबत्ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मग फाटक बंद करायला माणूस येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.